'चांगलं आहे' म्हणजे नक्की किती चांगलं?

अमेरिकेत आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही जे काही विकत घेतलंत, त्यात भात लावायचं काहीतरी असणारच. माझ्या यादीत राइस कुकर होता. रात्री अकरा वाजता मी रिव्ह्यू वाचत बसले होते. एका बाईंनी लिहिलं होतं की या कुकरनं त्यांचं आयुष्य बदललं. दुसऱ्या गृहस्थांना इतका मऊ भात जन्मात मिळाला नव्हता. मी 'बाय' दाबणार होते, पण दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सिचुआनच्या मैत्रिणीला सहज विचारलं. तिनं फोन काढला आणि त्याच कंपनीच्या कुकरचे चिनी भाषेतले रिव्ह्यू उघडले. एकात 'फेइछांग फेइछांग हाओ', म्हणजे 'अतिशय अतिशय चांगला', आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. तो तिनं न वाचताच वर सरकवला. दुसऱ्यात इतकंच होतं : 'बू त्स्वो. झाकण जरा घट्ट बसतं. आईला आवडला.' 'बू त्स्वो' म्हणजे शब्दशः 'चूक नाही'. ती म्हणाली, "हा घे. हा माणूस खरं बोलतोय."

गंमत म्हणजे मला तिचं म्हणणं लगेच पटलं. माझ्या घरीही सगळ्यात मोठं कौतुक 'बरं झालंय हं' असंच असायचं. या वेळच्या एपिसोडमध्ये आपण ऑनलाइन खरेदीच्या भाषेबद्दल बोललो, तेव्हा या विषयाला हात लावायला वेळ मिळाला नाही. म्हणून हा लेख. प्रश्न साधा आहे : चिनी बोलणारी माणसं खरेदीनंतर एखाद्या वस्तूबद्दल जोर देऊन बोलतात, तेव्हा ती काय करत असतात? आणि अमेरिकेत त्यांच्या शब्दाचं वजन कोण ठरवतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला इंटरनेटच्या बरंच मागे, थेट 1854 सालात जावं लागेल.

जोर झिजतो

आधी भाषेचं बघू. मँडरिनमध्ये 'हे चांगलं आहे' म्हणायचं तर साधारणपणे 'हन हाओ' म्हणतात. 'हन'चा अर्थ पुस्तकात 'खूप' असा दिलेला असतो, पण बोलताना त्या 'खूप'ला वजन नसतं. उलट 'हन' गाळून नुसतं 'हाओ' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला तुलना वाटते : हे चांगलं, मग दुसरं वाईट का? म्हणजे 'हन' आता फक्त वाक्य नीट उभं करायचं काम करतो. खरंच खूप म्हणायचं असेल, तर पुढची पायरी चढावी लागते : 'फेइछांग', म्हणजे 'साधं नव्हे असं'. ते झिजलं की 'ताइ हाओ ल', ज्यात 'ताइ' म्हणजे मुळात 'प्रमाणाबाहेर'. तेही झिजलं की 'छाओ', म्हणजे 'पलीकडचं, सुपर'.

'हन'चा इतिहास तर मजेशीर आहे. इसवी सन 100च्या सुमारास शू शननं केलेल्या जुन्या चिनी कोशात या अक्षराचा अर्थ 'न ऐकणारा', म्हणजे आपल्या भाषेत आडमुठा, असा दिलाय. पुढे मिंग-छिंग काळातल्या बोलभाषेतल्या कादंबऱ्यांत 'खूप' या अर्थी याच उच्चाराचं आणखी एक अक्षर वापरलेलं दिसतं, ज्याचा अर्थ 'क्रूर'. आडमुठेपणा आणि क्रौर्य यांच्या शेजारून निघालेला शब्द आज इतका गरीब झालाय की तो असला-नसला तरी कुणाचं लक्ष जात नाही.

हसू नका, आपलंही तसंच आहे. 'खूप' हा आपल्याकडे फारसीतून आलेला शब्द. तिकडे 'खूब' म्हणजे 'चांगलं'. म्हणजे 'खूप छान' म्हणताना आपण मुळात 'चांगलं छान' म्हणतोय. 'जबरदस्त'ही फारसीच, अर्थ 'ज्याचा हात वर आहे असा'. 'भयंकर सुंदर' म्हणताना भीती कुणालाच वाटत नाही. इंग्रजीतला 'व्हेरी' जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दापासून आला आणि 'ऑफुली'मधला धाक कधीच गेला. बहुतेक भाषा जोर देण्यासाठी त्याच दोन-तीन दुकानांतून उधारी करतात : खरेपणा ('खरंच', 'रिअली', चिनीत 'जन द'), भीती ('भयंकर', 'ऑफुली') आणि मर्यादा ओलांडणं ('अति', 'ताइ', 'छाओ'). शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला की नवा आणायचा.

पूर्वी या झिजेला पिढ्या लागायच्या. खरेदीच्या साइटवर ती काही महिन्यांत होते. 2021च्या डिसेंबरमध्ये चीनच्या राष्ट्रीय भाषा-संसाधन केंद्रानं त्या वर्षातले दहा गाजलेले इंटरनेट-शब्द जाहीर केले. त्यात दोन निव्वळ जोर देण्याचे होते. एक 'ज्वेज्वेत्स', ढोबळमानानं 'तोडच नाही'. दुसरा 'वायवायडीएस', म्हणजे 'युंग्युआन द शन' (कायमचा देव) या शब्दांची रोमन आद्याक्षरं. हा आधी खेळाडू आणि गेमिंगवाल्यांसाठी होता. मग लिपस्टिक, नूडल्स, मोजे, सगळेच कायमचे देव झाले. मोजे देव झाल्यावर चांगल्या मोज्यांबद्दल बोलायला शब्द उरत नाही, आणि माझ्या मैत्रिणीसारखी माणसं 'झाकण जरा घट्ट बसतं' अशा वाक्यांकडे वळतात.

गप्प बसलात तर कौतुक धरलं जाईल

पण फक्त भाषेला दोष देऊन चालणार नाही. बाजाराची रचनाही बघायला हवी, आणि ती अमेरिकेतून निघालेली आहे.

1996च्या फेब्रुवारीत ईबेनं ग्राहक आणि विक्रेत्यांना एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय दिली. अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे तर काहीतरी भरवसा हवाच. शेरे तीन प्रकारचे : चांगला, मध्यम, वाईट. 1999च्या व्यवहारांचा अभ्यास पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी केला, तेव्हा असं दिसलं की ग्राहकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी 99.1 टक्के 'चांगले' होते. वाईट फक्त 0.6 टक्के. कारण उघड होतं. तुम्ही वाईट लिहिलंत तर विक्रेताही तुमच्याबद्दल वाईट लिहिणार. ईबेनं विक्रेत्यांची ही सोय 2008मध्ये काढून घेतली. सगळेच 'चांगलं' म्हणत असतील, तर तुमचं 'चांगलं' वेगळं दिसणार कसं? मग तिथे ए-प्लसच्या पुढे आणखी प्लस, आणखी प्लस अशी शेपटं लागायला लागली. म्हणजे चिनी उद्गारचिन्हांच्या आधी अमेरिकन अधिकचिन्हं होती.

ईबे चीनमध्ये गेली. तिथली ईचनेट ही कंपनी तिनं 2003पर्यंत पूर्ण विकत घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात अलीबाबानं ताओबाओ सुरू केलं, आणि 2006च्या अखेरीस ईबेला तिथली मुख्य साइट गुंडाळावी लागली. ताओबाओनं तीन शेऱ्यांची पद्धत ठेवली : 'हाओपिंग' म्हणजे चांगला, 'चोंगपिंग' म्हणजे मध्यम, 'छापिंग' म्हणजे वाईट. विक्रेत्याची पत चढत गेली की आधी बदाम, मग हिरे, मग मुकुट मिळायचे. आणि एक खास गोष्ट : पंधरा दिवसांत तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तर यंत्रणा तुमच्या नावावर आपोआप 'हाओपिंग' टाकायची. म्हणजे मौनाचा अर्थ कौतुक. आता विचार करा, जिथे गप्प बसणंही 'चांगलं' म्हणून मोजलं जातं, तिथे ज्याला मनापासून चांगलं म्हणायचंय त्यानं काय करायचं? त्याला ओरडावंच लागतं.

शिवाय पार्सलमधून चिठ्ठी यायची : पाच तारे आणि फोटो टाका, अमुक युआन परत मिळवा. खोट्या ऑर्डरी आणि खोटे शेरे तयार करण्याच्या धंद्याला तर 'श्वादान' असं स्वतंत्र नावच आहे. 1 जानेवारी 2019पासून लागू झालेल्या चीनच्या ई-कॉमर्स कायद्यानं असे बनावट शेरे बेकायदा ठरवले.

त्याआधीचा एक कायदा मला जास्त रंजक वाटतो. चीनच्या जाहिरात कायद्यात विक्रेत्याला 'राष्ट्रीय दर्जाचं', 'सर्वोच्च', 'सर्वोत्तम' असे शब्द वापरायला मनाई आहे. 2015च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या सुधारणेत त्यासाठी 2 लाख ते 10 लाख युआनपर्यंत दंड ठेवला गेला. म्हणजे दुकानदारानं 'सर्वोत्तम' म्हटलं तर दंड, गिऱ्हाइकानं म्हटलं तर काही नाही. माझा तर्क असा आहे की त्यामुळे गिऱ्हाइकाच्या तोंडच्या 'सर्वोत्तम'ची किंमत वाढली. जो शब्द स्वतः उच्चारता येत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचा. पार्सलमधल्या चिठ्ठीतला तो थोडासा पैसा म्हणजे त्या शब्दाचं भाडं.

साक्ष कुणाची चालते

दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं हे मात्र चिनी लोकांचं वैशिष्ट्य नाही. त्याचं माहेर एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात 1875पासून लिडिया पिंकहॅम यांचं बायकांसाठीचं औषध विकायला सुरुवात झाली. जाहिरातीत बऱ्या झालेल्या बायकांची पत्रं असायची आणि 'मिसेस पिंकहॅमना लिहा' असं आवाहन. लिडियाबाई 1883मध्ये वारल्या. आवाहन चालूच राहिलं. शेवटी 1905मध्ये 'लेडीज होम जर्नल'नं त्यांच्या थडग्याचा फोटो छापला. पुढच्याच वर्षी अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला. खोटे रिव्ह्यू विकण्यावर आणि विकत घेण्यावर थेट बंदी घालणारा केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम लागू व्हायला 21 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

आता याच काळात अमेरिकेतल्या चिनी माणसाच्या शब्दाची काय स्थिती होती ते बघा. कॅलिफोर्नियात जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्या माणसाला लिंग सिंग या चिनी खाण-कामगाराच्या खुनाबद्दल शिक्षा झाली होती. साक्षीदार चिनी होते. 1854मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. काळ्या आणि मूळनिवासी माणसांची साक्ष गोऱ्यांविरुद्ध चालत नसे, तोच नियम न्यायालयानं चिनी माणसांना लावला. ते खोटं बोलतात हे सिद्ध करायची गरजच पडली नाही, त्यांचं बोलणं ऐकायचंच नाही असं ठरलं. पुढे जवळजवळ दोन दशकं कॅलिफोर्नियात हीच स्थिती होती.

1882मध्ये चिनी कामगारांना देशात यायला बंदी झाली. 1892च्या गीअरी कायद्यानं आधीपासून राहणाऱ्या चिनी कामगारांना रहिवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसेल, तर आपण इथे आधीपासून राहतो हे सांगायला निदान एक 'विश्वासार्ह गोरा साक्षीदार' आणायचा. हे शब्द कायद्यातलेच आहेत. 1893मध्ये तीन चिनी माणसांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांपैकी एकानं दाखल्यासाठी अर्ज केला होता, साक्षीदारही नेले होते. पण साक्षीदार चिनी, म्हणून अधिकाऱ्यानं दाखला नाकारला. न्यायालयानं कायदा वैध ठरवला. आजच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या अख्ख्या आयुष्याला एका गोऱ्या माणसाचा रिव्ह्यू हवा होता.

ही गोष्ट डोक्यात ठेवून त्या काळातल्या चिनी वैद्यांच्या जाहिराती वाचल्या की वेगळ्याच दिसतात. 1890च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये फू अँड विंग हर्ब कंपनी होती. त्यांनी आपल्या वैद्यकाबद्दल इंग्रजीत एक पुस्तकच काढलं आणि त्यात बऱ्या झालेल्या रोग्यांची प्रशस्तिपत्रं छापली. रोगी गोरे, नावं इंग्रजी. चिनी रोगीही बरे होत असणारच, पण त्यांच्या सांगण्यानं गिऱ्हाईक येणार नव्हतं. तमारा वेनिट शेल्टन या इतिहासकारांनी 2019मध्ये या वैद्यांवर आख्खं पुस्तक लिहिलंय. ते वाचताना लक्षात येतं की हे लोक अमेरिकन जाहिरातीची भाषा चटकन शिकले. शिकावीच लागली. स्वतःच्या तोंडानं केलेलं कौतुक तर सोडाच, साधी माहितीसुद्धा संशयानं ऐकली जाते, तेव्हा माणूस उसना आवाज वापरतो.

याच्या उलट टोकाला ओरेगन राज्यातल्या जॉन डे गावचे वैद्य इंग हे. 1880च्या दशकाच्या अखेरीपासून ते आणि त्यांचे भागीदार लुंग ऑन 'काम वा चुंग' हे दुकान चालवत होते. परवान्याशिवाय वैद्यकी करतात म्हणून इंग हे यांच्यावर खटले झाले, पण त्यांना दोषी ठरवायला गावातले ज्युरी तयार होईनात. 1952मध्ये ते वारले. नंतर त्यांच्या पलंगाखाली न वटवलेले चेक सापडले, एकूण 23,000 डॉलरहून जास्त रकमेचे. कुठे उद्गारचिन्ह नाही, 'आयुष्य बदललं' नाही. पण रोगी पैसे देत राहिला, वैद्य मागत राहिला नाही आणि ज्युरीनं शिक्षा दिली नाही, याहून मोठा रिव्ह्यू मला तरी माहीत नाही.

मस्ट मस्ट ट्राय

आता तुमच्या-माझ्याकडे येऊ. मागच्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती. आम्ही एका छोट्या नूडल्सच्या दुकानात जेवलो. चालवणारं जोडपं साठीच्या घरातलं. आईला आवडलं म्हणून तिनं माझ्या फोनवरून स्वतः रिव्ह्यू लिहिला : 'व्हेरी व्हेरी नाइस फूड. मस्ट मस्ट ट्राय.' इथेच जन्मलेला माझा भाचा वाचून म्हणाला, "आजी, हे एकदम फेक वाटतंय."

आईला वाईट वाटलं. मला मात्र त्याच्या बोलण्यात बराच इतिहास ऐकू आला. 'छान छान', 'मऊ मऊ', 'गरम गरम' ही आपली सवय. चिनीतही 'फेइछांग फेइछांग', 'जन द जन द', मऊ पांघरुणाला 'र्वानर्वान द'. शब्द दोनदा म्हणून जोर देणं या दोन्ही भाषांत घरगुती आणि प्रामाणिक आहे. पण तेच इंग्रजीत उतरलं की इथल्या वाचकाला ते विकत घेतलेलं वाटतं. खोटे रिव्ह्यू ओळखायच्या युक्त्या आपण सगळे शिकलोय : फार उत्साह, थोडं वाकडं इंग्रजी, की समजा बनावट. यातला दुसरा निकष जरा नीट तपासा. त्यात खोटी माणसं सापडतात तशी आपली आईही सापडते, आणि त्या नूडल्सवाल्यांची सगळी खरी गिऱ्हाइकंही. 'विश्वासार्ह साक्षीदार' कोण, हा जुना प्रश्न आता कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तो आपल्या कानात बसलाय.

उलट बाजूनंही नुकसान होतं. आपले बाबा जेवण उत्तम झालं तरी पाचपैकी चार तारे देतात, कारण पाच म्हणजे देवाला. इथल्या हिशेबात चार तारे म्हणजे तक्रार. अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांत केकचं सर्वांत मोठं कौतुक 'फार गोड नाही' असं करतात, हा तर आता त्यांचा स्वतःचाच विनोद झालाय. (आपल्याकडे तेच वाक्य तक्रार ठरेल.) ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं, तर केकवाल्याला कळणारच नाही की आपल्याला पदक मिळालंय. हीच गोष्ट शिफारसपत्रांची. 'ही विद्यार्थिनी चांगली आहे, वेळेवर काम करते' असं भारतातल्या किंवा चीनमधल्या सरांनी मनापासून लिहिलेलं पत्र इथल्या समितीला थंड वाटतं, कारण शेजारच्या पत्रात विद्यार्थी दशकातला सर्वोत्तम असतो. तुमच्यातल्या कुणाला हा फटका बसला असेल, तर तुमचं काम कमी पडलं असं लगेच समजू नका. कदाचित फक्त मोजपट्टी वेगळी होती.

मग करायचं काय? स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी सहकाऱ्यांसोबत 6,500 मेन्यू तपासले. त्यांना दिसलं की 'चविष्ट', 'ताजं' असले शब्द अगदी महागड्या ठिकाणी कमी असतात. तिथे ते गृहीतच असतं. जो सारखं सांगतो, त्याला शंका घेतली जाईल अशी भीती असते. पुणेकरांना हे कधीच कळलं होतं. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीत एकही विशेषण नाही, तरी दुकानदाराचा अख्खा रुबाब त्यात आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जोर द्यायचाच असेल, तर तो तपशिलानं द्या. आईचा रिव्ह्यू मी पुसला नाही. तिला विचारलं, तुला नक्की काय आवडलं? ती म्हणाली, "सूप उकळतं आणून दिलं, आणि मी तिखट खात नाही हे त्या बाईंना न सांगता कळलं." हे आम्ही तिच्या ओळीखाली लिहिलं. 'व्हेरी व्हेरी'ही राहू दिलं, कारण ते तिचं आहे. तारे पाच दिले. आई म्हणाली, "पाच? बरं होतं इतकंच." मी म्हटलं, "अगं, इथे त्यालाच पाच म्हणतात."

तुमच्या घरात सर्वांत मोठं कौतुक कुठल्या शब्दात होतं? आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाचू.